उपाशी कडा आणि न मेलेली माणसं

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा, ‘एका दिवसात जाऊन येण्यासारखं इथे काय आहे?’ लेक मिशिगनचा किनारा सांगून झाला की पुढचं नाव बहुतेक वेळा ‘स्टार्व्ड रॉक’ असतं. भारतातून आई-बाबा आले की त्यांना तिथे नेतात. ऑफिसातली नवी मंडळी पहिली हाइक तिथेच करतात. ऐन थंडीत कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स लावून गरुड बघायला जाणारेही असतात. शिकागोपासून दीडेकशे किलोमीटरवर, इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावर हे स्टेट पार्क आहे. अडीच हजारांहून जास्त एकर जमीन, १८ घळी, वीसेक किलोमीटरच्या पायवाटा आणि प्रवेश फुकट. वर्षाला २० लाखांहून जास्त लोक येतात. शनिवार-रविवारी दुपारी गेलात तर पार्किंग मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इतक्या लोकांच्या तोंडी असलेल्या या नावाचा अर्थ मात्र भलताच आहे. स्टार्व्ड रॉक म्हणजे जिथे माणसं उपासमारीने मेली तो कडा. सहलीच्या जागेचं हे काय नाव? कोण मेलं तिथे? कुणी मारलं?

याचं उत्तर म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ती चटकन लक्षात राहते. १७६९ साली पाँटिअॅक नावाच्या ओडावा सरदाराचा खून झाला. हा साधासुधा माणूस नव्हता. काही वर्षांपूर्वी त्याने इंग्रजांविरुद्ध अनेक जमातींना एकत्र आणून मोठा उठाव केला होता. खून करणारा इलिनॉय लोकांपैकी, पिओरिया जमातीचा होता. मग सूड म्हणून ओडावा आणि पोटावाटोमी लोक इलिनॉयांवर तुटून पडले. इलिनॉय पळत पळत या कड्यावर चढले. खाली शत्रूचा वेढा. वर ना अन्न, ना पाणी. तहानलेल्या लोकांनी दोराला भांडी बांधून नदीत सोडली, तर खाली होड्यांत बसलेल्या शत्रूंनी दोर कापून टाकले. दिवसामागून दिवस गेले आणि वर अडकलेली सगळी माणसं अन्नपाण्यावाचून मेली. इलिनॉय संपले. मागे उरलं राज्याचं नाव आणि हा कडा.

ही गोष्ट मी बरीच वर्षं खरी धरून चाललो होतो. आपल्याला गडांच्या आणि वेढ्यांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकायची सवय असते, त्यामुळे ती पटतेही लगेच. कडा समोर दिसत असतो, खाली नदी असते, मग शंका घ्यायची कशाला?

पण इतिहासाची पुस्तकं उघडली की एक साधी अडचण समोर येते. ज्या लोकांना १७६९ साली कड्यावर उपाशी मारून टाकलं, त्यांच्याशी अमेरिकन सरकार १८०३ साली करार करतं, १८१८ साली करतं आणि १८३२ साली पुन्हा करतं. मेलेली माणसं करारावर सह्या करत नाहीत.

आधी समुद्र, मग पूर

माणसांकडे वळण्याआधी दगडाविषयी थोडं. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हा कडा पहिल्यांदा खोटा वाटतो. पिवळसर, कुठे पांढरा, कुठे तांबूस. बोट घासलं तर वाळूचे कण हाताला लागतात. हा सेंट पीटर वालुकाश्म. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साठलेली ही वाळू. ती इतकी शुद्ध आहे की शेजारच्या ऑटावा गावाच्या परिसरात तिच्या खाणी आहेत आणि त्या वाळूपासून काच होते.

शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून साठलेलं पाणी बांध फोडून बाहेर पडलं. भूशास्त्रज्ञ या महापुराला कँकाकी टॉरेंट म्हणतात. या मऊ दगडातून नदीचं पात्र खोल कापण्याचं मोठं काम त्या पुराने केलं. नंतर छोट्या ओढ्यांनी नदीकडे उतरताना एकेक घळ कोरली. फ्रेंच कॅनियन, वाइल्डकॅट कॅनियन, ला साल कॅनियन ही आजची गर्दीची ठिकाणं अशी तयार झाली. जोराचा पाऊस पडून गेला की या घळींच्या टोकाला धबधबे सुरू होतात, आणि जानेवारीत तेच धबधबे निळसर बर्फाचे खांब होऊन उभे राहतात.

ज्या कड्यावरून पार्कला नाव मिळालं तो नदीपासून सव्वाशे फूट उंच आहे. तीन बाजूंनी तुटलेला, माथा सपाट, खाली नदी. मराठी माणसाला तो काय आहे हे सांगावं लागत नाही. आयता बालेकिल्ला.

समोरच्या काठावरचं गाव

कड्याच्या माथ्यावर आता लाकडी फळ्यांचा कठडेवाला मार्ग आहे. तिथे उभं राहिलं की सगळेजण नदीकडे, धरणाकडे आणि मधल्या बेटाकडे बघतात. खरं तर बघायला हवं पलीकडच्या काठावर, नदीच्या थोडं वरच्या अंगाला. तिथे सपाट, गवताळ जमीन आहे. पार्कातल्या फोटोंमध्ये ती नसते, कारण तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही. पण या भागाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच.

१६७३ साली फ्रेंच पाद्री जाक मार्केत आणि त्याचा सोबती लुई जोलिए मिसिसिपीवरून परतताना या नदीतून वर आले. तिथे त्यांना कास्कास्किया लोकांचं गाव लागलं. मार्केतने ७४ घरं मोजली. लांबट, कमानीच्या छपरांची घरं. वाकवलेल्या फांद्यांच्या सांगाड्यावर लव्हाळ्यांच्या चटया टाकलेल्या. आजूबाजूला मका, घेवडा आणि भोपळ्याची शेती. वर्षातून काही काळ सगळं गाव रानगव्यांसारख्या बायसनच्या शिकारीला माळरानावर जाई. मार्केत १६७५ साली दिलेल्या शब्दाप्रमाणे परत आला, ईस्टरच्या सुमारास त्याने तिथे प्रवचन दिलं आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर लेक मिशिगनच्या काठी वारला.

गाव वाढत गेलं. १६८० साली दुसऱ्या एका पाद्र्याने, लुई हेनपँने, तिथे ४६० घरं असल्याचं लिहिलं. इलिनॉय ही एकच जमात नव्हती. कास्कास्किया, पिओरिया, काहोकिया, तामारोआ अशा एकाच भाषेच्या जमातींचा तो समूह होता. ‘इलिनॉय’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून, वाटेत ओजिब्वे आणि फ्रेंच लोकांच्या तोंडून वाकडा होत आला आहे. मूळ अर्थ साधारण असा: ‘जो नेहमीच्या भाषेत बोलतो तो.’ म्हणजे आपल्यातला. शिकागो हे नावही त्याच भाषेतलं, तिथे उगवणाऱ्या रानलसणाचं.

ल रोशे

१६८० च्या सप्टेंबरमध्ये पूर्वेकडून इरोक्वाय लोकांनी या गावावर हल्ला केला आणि ते उद्ध्वस्त केलं. फर, म्हणजे प्राण्यांची कातडी, युरोपात विकून पैसा होत होता, आणि त्या व्यापारासाठी शिकारीचा मुलूख ताब्यात हवा म्हणून जमाती एकमेकांवर चालून जात होत्या. बंदुका एकीकडे आधी पोचल्या होत्या, दुसरीकडे नव्हत्या. या हल्ल्याच्या वेळी आंरी द तोंती नावाचा एक इटालियन वंशाचा माणूस तिथे हजर होता. सिसिलीतल्या लढाईत त्याचा एक हात गेला होता आणि त्या जागी त्याने धातूचा हात बसवला होता. तो मध्यस्थी करायला पुढे गेला आणि भोसकला गेला. तरी वाचला.

दोन वर्षांनी, १६८२-८३ च्या हिवाळ्यात, हाच तोंती आणि त्याचा वरिष्ठ ला साल यांनी या कड्यावर लाकडी किल्ला बांधला. फ्रेंच या कड्याला नुसतं ‘ल रोशे’ म्हणत, म्हणजे ‘खडक’. किल्ल्याला नाव दिलं फोर्ट सेंट लुई. तारखा जुळवून बघा. औरंगजेब दख्खनेत उतरला होता आणि संभाजी महाराज एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीजांशी लढत होते, त्याच हिवाळ्यात हे लोक इलिनॉय नदीवर ओंडके वर चढवत होते.

किल्ल्याच्या आश्रयाला इलिनॉय परत आले, शॉनी आणि मायामी अशा इतरही जमाती आल्या. ला सालच्या मोजणीनुसार भोवतालच्या वस्त्यांत जवळपास ४,००० योद्धे होते. म्हणजे बायका-मुलं धरून वीसेक हजार माणसं. ला सालला फ्रान्सच्या राजाकडून पैसे हवे होते, त्यामुळे आकडा फुगवलेला असू शकतो. पण तो निम्मा धरला तरी त्या काळच्या उत्तर अमेरिकेत ही फार मोठी वस्ती होती. पुढे सरपण संपलं, शिकार लांब गेली आणि १६९१-९२ मध्ये लोक नदीने खाली, आजच्या पिओरिया शहराच्या जागी सरकले. किल्ला ओस पडला.

पण या कड्याला वेढा पडला होता, हे मात्र खरं आहे. १७२२ साली मेस्क्वाकी लोकांनी इथे पिओरियांना कोंडलं होतं. फ्रेंचांच्या कागदपत्रांत त्याची नोंद आहे. फ्रेंच कुमक दक्षिणेकडून निघाली, पण ती पोचण्याआधीच वेढा उठला होता. माणसं मेली, हाल झाले, आणि त्यानंतर पिओरियांनी ही जागा सोडली. पण ते संपले नाहीत.

१७६९ च्या ‘शेवटच्या वेढ्या’बद्दल त्या काळच्या इंग्रज आणि फ्रेंच कागदांत असं काही सापडत नाही. पाँटिअॅकच्या खुनाची नोंद आहे. सूडाची भीती होती, याचीही आहे. पण एक अख्खा लोकसमूह एका कड्यावर मरावा आणि आसपासच्या ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांनी एक ओळही लिहू नये, हे पटत नाही. ही गोष्ट लिखाणात दिसू लागते ती पन्नासेक वर्षांनी. हेन्री स्कूलक्राफ्ट १८२१ साली इथून गेला आणि त्याने ती नोंदवली. तोंडोतोंडी फिरताना १७२२ चा वेढा आणि १७६९ चा खून एकमेकांत मिसळले असावेत, असं मला वाटतं.

सोयीची गोष्ट

मग खरं काय झालं? कड्यावरच्या मरणापेक्षा ते बरंच संथ होतं, आणि त्यात नाट्य कमी होतं. देवी आणि इतर साथी आल्या. लढाया झाल्या. दारू आली, व्यापारातलं कर्ज आलं. १६८० च्या सुमारास हजारोंनी असलेले इलिनॉय १८०० पर्यंत काही शेकड्यांवर आले. १८०३ साली कास्कास्कियांनी करार करून आजच्या इलिनॉय राज्याचा मोठा भाग अमेरिकेला दिला. १८१८ साली पिओरियांनी सही केली. ऑक्टोबर १८३२ मध्ये सेंट लुईजवळ कॅस्टर हिल इथे, लुईस-क्लार्क मोहिमेतल्या त्या विल्यम क्लार्कसमोर, त्यांनी उरलेल्या जमिनीवरचाही हक्क सोडला. त्यांना कॅन्ससमध्ये जागा देण्यात आली. तिथेही गोरे शेतकरी पोचले, तेव्हा १८६७ च्या कराराने त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं.

आता दुसरी साखळी बघा. कॅस्टर हिलच्या करारानंतर तीनच वर्षांनी, १८३५ साली, डॅनिएल हिट नावाच्या माणसाने कडा आणि भोवतालची जमीन सरकारकडून ८५ डॉलरला घेतली. १८९० साली त्याने ती फर्डिनंड वॉल्थरला १५,००० डॉलरला विकली. १९११ साली इलिनॉय राज्याने ती १,४६,००० डॉलरला विकत घेतली आणि पार्क केलं. जमिनीच्या व्यवहाराचे हे आकडे सहज मिळतात. त्यांच्या आधीची, १८३२ ची ओळ मात्र सहसा कुणी सांगत नाही. तिच्या जागी उपाशी कड्याची गोष्ट सांगितली जाते.

या गोष्टीला मी सोयीची म्हणतो ते यासाठी. ती काय सांगते बघा: मूळनिवाशांनीच मूळनिवाशांना मारलं, आम्ही आलो तेव्हा कडा रिकामा होता. जमीन कुणाकडून घेतली हा प्रश्नच उरत नाही. १८७० साली जॉन डीन केटन या ऑटावाच्या न्यायाधीशाने शिकागोच्या इतिहास मंडळापुढे यावर भाषण केलं आणि ते पुढे छापलं गेलं. त्याच्या शीर्षकातच ‘इलिनॉयांपैकी शेवटचे’ असे शब्द होते. केटन खोटारडा होता असं नाही. त्याने मूळनिवाशांकडून ऐकलेलंच लिहिलं आणि बऱ्याच आस्थेने लिहिलं. पण तो हे भाषण करत होता तेव्हा ‘शेवटचे’ इलिनॉय ओक्लाहोमात घरं बांधत होते.

गंमत म्हणजे गोष्टीतल्या खलनायकांचं, पोटावाटोमींचं, काय झालं हे केटनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. १८३३ च्या शिकागो कराराने त्यांच्याकडून सुमारे ५० लाख एकर जमीन घेण्यात आली. १८३५ साली हद्दपारीपूर्वी शेकडो योद्ध्यांनी शिकागोच्या रस्त्यांवरून शेवटचा नाच केला. तरुण केटनने तो पाहिला आणि पुढे त्याचं वर्णन लिहिलं. म्हणजे गोष्टीत मारणारे आणि मरणारे दोघंही, प्रत्यक्षात एकाच दशकात, कागदावर सह्या करून मिसिसिपीपलीकडे पाठवले गेले.

पार्कात एका उंच टोकाला ‘लव्हर्स लीप’ असं नाव आहे. माथेरान-महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांना हसू येईल. अमेरिकेत अशा नावाची टोकं ठिकठिकाणी आहेत आणि पुष्कळांना जोडून एखाद्या मूळनिवासी मुलीने कड्यावरून उडी घेतल्याची कथा असते. पर्यटनाला मेलेले मूळनिवासी आवडतात. जिवंत असले की ते जमीन मागतात.

हॉटेल, शिडी, धरण

आज आपण ज्याला जंगल म्हणून बघायला जातो तेही माणसांनी घडवलेलं आहे. वॉल्थरने इथे हॉटेल, पोहण्याचा तलाव आणि नाचाचा मांडव उभारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात विजेवर धावणाऱ्या गाड्या सुरू झाल्या आणि शहरातले लोक सुट्टीला येऊ लागले. राज्याने जागा घेतल्यावरही सुरुवातीला तिचं रूप रिसॉर्टचंच होतं.

मग महामंदी आली. १९३३ साली रूझवेल्टने बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर सुरू केलं. १८ ते २५ वर्षांची मुलं छावणीत राहायची, झाडं लावायची, रस्ते आणि पूल करायची. महिन्याला ३० डॉलर मिळायचे, त्यातले २५ थेट घरी जायचे. स्टार्व्ड रॉकच्या पायवाटा, पायऱ्या, पूल आणि ओंडक्यांचं भव्य लॉज या मुलांनी केलं. आपल्याकडे लॉज म्हटल्यावर एस. टी. स्टँडसमोरची पाटी आठवते. हे लॉज म्हणजे दगडी चुलाणं आणि उंच छपराचा दिवाणखाना असलेली देखणी इमारत आहे. आत कॉफी घेऊन बसलात तर ज्या पोरांच्या पगारावर त्यांच्या घरच्या चुली पेटत होत्या, त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

त्याच वर्षी, १९३३ मध्ये, कड्याजवळ नदीवर धरण आणि लॉक पूर्ण झालं. लॉक म्हणजे दरवाज्यांची मोठी टाकी. बोट आत घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या किंवा खालच्या पातळीला न्यायचं. मका आणि सोयाबीनने भरलेले बार्ज आजही इथून मिसिसिपीकडे जातात.

गरुड परत कसे आले

थंडीत इथे येण्याचं खरं कारण हे धरणच. डिसेंबर ते फेब्रुवारी नदी ठिकठिकाणी गोठते, पण धरणाच्या दारांतून पडणारं पाणी खळाळत राहतं आणि खालचा भाग गोठत नाही. दारांतून येताना मासे गुंगतात. कॅनडा, विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडून आलेले बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, समोरच्या प्लम आयलंडवरच्या झाडांवर बसतात आणि एकेक करून पाण्यावर झेपावतात. सकाळी लवकर जा, दुर्बीण न्या, हातमोजे विसरू नका. पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. उडताना डोकं आणि शेपटी चमकते. पूर्ण पांढरं डोकं यायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे तपकिरी दिसणारा पक्षी बहुधा पोरगेलासा गरुडच असतो.

हे दृश्य पन्नास-साठ वर्षांपूर्वी दिसणं कठीण होतं. १९०० साली शिकागोने आपल्या नदीचा प्रवाह उलटा फिरवला. पिण्याचं पाणी लेक मिशिगनमधून घ्यायचं होतं, म्हणून शहराचं सांडपाणी कालव्यातून इलिनॉय नदीकडे सोडलं. वरच्या पट्ट्यातले मासे त्यात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. ते माशांतून गरुडांच्या पोटात गेलं, अंड्यांचं कवच पातळ झालं आणि उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच अंडी फुटू लागली. १९६३ साली अलास्का वगळता मुख्य अमेरिकेत घरट्यांच्या फक्त ४१७ जोड्या नोंदल्या गेल्या. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली, त्याच वर्षी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्धचा कडक कायदाही झाला. २००७ मध्ये गरुडाचं नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढलं तेव्हा जोड्या दहा हजारांच्या घरात पोचल्या होत्या.

प्लम आयलंडही आपोआप राहिलेलं नाही. त्या बेटावर घरं बांधायचा घाट घातला गेला होता. लोकांनी विरोध केला आणि २००४ साली इलिनॉय ऑडुबॉन सोसायटीने बेट विकत घेऊन गरुडांसाठी राखलं.

मला या हकिकतीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गरुड संपत आले होते, पण ‘शेवटचा गरुड’ अशी हळवी गोष्ट सांगून कुणी थांबलं नाही. ते का संपताहेत ते शोधलं, कारण सापडल्यावर कायदा केला, त्यांना बसायला जागा राखली. ते परत आले.

माणसं परत येतात तेव्हा

इलिनॉयांच्या बाबतीत उलटं झालं. ते होते, पण नाहीत असं धरलं गेलं. १९२६ पासून इलिनॉय विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत ‘चीफ इलिनिवेक’ नावाचा शुभंकर नाचत असे. डोक्यावर पिसांचा टोप आणि अंगावर लाकोटा पद्धतीचा पोशाख, जो इलिनॉयांचा कधीच नव्हता. ज्यांचं सोंग घेतलं ते मेलेत असं मानलं की त्यांना विचारायची गरज पडत नाही. पण ते मेले नव्हते. ओक्लाहोमातल्या मायामी गावी पिओरिया जमातीचं सरकार आहे. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली होती, ती त्यांनी १९७८ मध्ये परत मिळवली. २००० साली त्यांनी ठराव करून विद्यापीठाला सांगितलं, हे थांबवा. २००७ मध्ये ते थांबलं.

त्यांची भाषाही ‘मेलेली’ मानली जात होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बोलणारी शेवटची पिढी गेली. पण तीनशे वर्षांपूर्वी इथल्या जेझुइट पाद्र्यांनी मोठे हस्तलिखित शब्दकोश केले होते. गोव्यात थॉमस स्टीफन्सने कोकणीचं व्याकरण लिहिलं, त्याच पंथाचं हे काम. हेतू दोन्हीकडे धर्मप्रसाराचा. पण पिओरियांची आणि मायामींची भाषा एकच, त्यामुळे त्या कागदांवरून ती पुन्हा शिकता आली. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात त्यासाठी २००१ पासून केंद्र आहे. डॅरिल बाल्डविन यांनी ती स्वतः कागदांवरून शिकून आपल्या मुलांशी घरात बोलायला सुरुवात केली. आता दोन्ही जमातींची मुलं तिचे धडे घेतात.

जमिनीचंही एक उदाहरण आहे, स्टार्व्ड रॉकपासून गाडीने तासाभरावर. शॅबोना नावाच्या पोटावाटोमी प्रमुखाला १८२९ च्या कराराने १,२८० एकर मिळाले होते. १८४९ साली तो नातेवाइकांना भेटायला कॅन्ससला गेला असताना सरकारने ती जमीन लिलावात विकून टाकली. पुढे तिच्या काही भागावर आणि आजूबाजूला राज्याने शॅबोना लेक स्टेट पार्क केलं. पोटावाटोमींनी दावा सोडला नाही. मूळ जागेतली थोडी जमीन त्यांनी स्वतःच्या पैशाने परत विकत घेतली, आणि २०२४ मध्ये तिला केंद्राने त्यांच्या भूमीचा दर्जा दिला. मार्च २०२५ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा करून ते सुमारे १,५०० एकरांचं पार्कच त्यांना परत केलं. पार्क सगळ्यांसाठी खुलं राहणार, मासेमारी चालू, तंबू ठोकणं चालू. बदलली ती मालकी.

आपण इथे फार उशिरा आलेले लोक. या जमिनीचे कागद आपल्या आजोबा-पणजोबांनी केले नव्हते. तरी माझ्या पत्त्यात रोज त्यांचं नाव असतं, शहराचं आणि राज्याचं. तेव्हा निदान गोष्ट नीट सांगणं आपल्या हातात आहे. कड्यावर मुलं विचारतात, ‘इथे सगळे मेले का?’ त्यांना १८३२ सांगा, ८५ डॉलर सांगा, पलीकडचं गवताळ मैदान दाखवा आणि तिथे ४६० घरं होती ते सांगा. ते मैदान आज राज्याच्या ताब्यातलं ऐतिहासिक स्थळ आहे, पण या पार्कात येणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना त्याचं नावही माहीत नसतं. आणि मुलांना हेही सांगा की त्या घरांत जी भाषा बोलली जायची तिचे धडे आज त्यांच्याच वयाची मुलं घेत आहेत.